ओपनिंग पाठ करून बुद्धिबळाचा डाव जिंकतो का? गुकेशच्या शेवटच्या डावातून समजून घ्या

गावोगावी पोरं आता मोबाईलवर बुद्धिबळ खेळतात. झटपट मात शिकवणारे व्हिडिओ बघून सुरुवातीच्या चाली तोंडपाठ करतात. या सुरुवातीलाच 'ओपनिंग' म्हणतात. पण नुसत्या पाठांतरावर डाव जिंकता येतो का? १२ डिसेंबर २०२४ चा डाव बघा.

त्या दिवशी सिंगापूरला जगज्जेतेपदाचा चौदावा, म्हणजे शेवटचा डाव होता. भारताचा १८ वर्षांचा डी. गुकेश आणि चीनचा जगज्जेता डिंग लिरेन, दोघांचे गुण सारखेच: साडेसहा.

सुरुवात कशी झाली?

पांढरी मोहरी डिंगकडे होती. त्याने प्याद्याऐवजी आधी घोडा काढला. मग एक प्यादं एक घर सरकवून उंटाला लांबच्या तिरक्या पट्टीवर बसवलं. पाचव्याच चालीला कॅसलिंग करून राजा हत्तीच्या आडोशाला नेला. गुकेशने मात्र पहिल्याच चालीला वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकून पटाच्या मधोमध जागा धरली.

ओपनिंगची कामं तीनच: मधली घरं ताब्यात घेणं, घोडे-उंट लवकर बाहेर काढणं आणि राजाला सुरक्षित करणं. दोघांनीही ती चोख केली. त्यामुळे सुरुवातीत कुणी हरलं नाही, कुणी जिंकलंही नाही.

मग डाव फिरला कुठे?

पुढे वजीर गेले, घोडे गेले. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि थोडी प्यादी उरली. गुकेशचं एक प्यादं जास्त होतं, पण डाव बरोबरीत सुटेल असंच वाटत होतं. गुकेश मात्र बरोबरी न घेता खेळत राहिला.

५५ व्या चालीला डिंगने हत्ती मारामारीला आणला. तिथेच घात झाला. गुकेशने हत्ती मारला, मग उंटासमोर उंट आणला. डिंगचा उंट कोपऱ्यात होता, त्याला पळायला जागाच नव्हती. उंटही गेले. आता नुसते राजे आणि प्यादी राहिली, आणि तिथे एक जादा प्यादं पुरतं. लगेचच डिंगने हार मानली. गुकेश साडेसात-साडेसहाने जगज्जेता झाला.

पोरांनी काय शिकावं?

चाल पाठ करताना 'ही का खेळली?' हे विचारा. राजा आणि प्याद्यांचे शेवटचे डाव रोज थोडे मांडून बघा. आणि मोहरी मारामारीला देण्याआधी एकदा मोजा: सगळं संपल्यावर पटावर काय उरेल?