ठसा जुळला, मगच डीव्हीडी मारा

‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद उल्हासनगरची माणसंच सगळ्यात जास्त रंगवून सांगतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटणारं ‘कॉपी पूर्ण’ हा शिक्काही त्याच पठडीतला. आतला माल कसा आहे, ते त्यावरून कळत नाही.

कॅम्प ५ पासून अंबरनाथ-बदलापूरपर्यंतच्या स्टुडिओंना हे एक काम ओळखीचं आहे: लग्नाच्या जुन्या कॅसेटची डीव्हीडी करून देणं. इकडच्या पावसाळी ओलीत टेपला बुरशी लागते. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांना कपाटाच्या खालच्या कप्प्याची किंमत वेगळी सांगायला नको. स्टुडिओवाला कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवतो, काटछाट करतो आणि शेवटी त्याची आयएसओ फाईल बनवतो. डिस्कवरचा एकेक सेक्टर ओळीने मांडलेली ही एकच फाईल, म्हणजे डिस्क इमेज. ती पेन ड्राइव्हवर घालून राईटर असलेल्या मशीनपर्यंत नेतात, आणि घोळ बहुधा या प्रवासातच होतो.

पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावतच नाही. मग कुणीतरी तिचे तुकडे करतं, पलीकडे कुणीतरी ते जोडतं आणि मधला एखादा तुकडा राहून जातो. त्याहून वाईट म्हणजे फुटपाथवरचा स्वस्त पेन ड्राइव्ह. वर ६४ जीबी छापलेलं, आत चिप ८ जीबीची, आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं. खरी जागा संपली की पुढचा डेटा हवेत जातो किंवा आधीच्या डेटावर चढतो. फाईलचं नाव आणि आकार मात्र यादीत बरोबर दिसत राहतात, कारण ती यादी चिपच्या सुरुवातीलाच लिहिलेली असते. म्हणूनच नुसता आकार बघून समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं.

तरी सुरुवात आकारापासूनच करावी, कारण त्याला खर्च नाही. डीव्हीडीच्या एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट मावतात, त्यामुळे इमेजच्या एकूण बाइटना २०४८ ने पूर्ण भाग जायला हवा. बाकी उरली तर शेपूट तुटली असं समजावं. एका थराच्या डीव्हीडी प्लस आर डिस्कवर २२,९५,१०४ सेक्टर, म्हणजे ४,७०,०३,७२,९९२ बाइट बसतात. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज त्यालाच ४.३७ म्हणतं. ही फसवणूक नव्हे, मोजमापाची पद्धत वेगळी आहे. दुसरी खूण फाईलच्या पोटात असते. पहिले १६ सेक्टर सोडले की सतराव्याच्या तोंडाशीच ‘सीडी००१’ ही पाच अक्षरं सापडतात आणि थोडं पुढे एकूण सेक्टरांची संख्या नोंदलेली असते. नोंदीपेक्षा फाईल लहान भरली, तर इमेज अर्धवट आहे.

मधल्या जागेत एखादा बिट उलटला असेल, तर या दोन्ही खुणा गप्प बसतात. तिथे हॅश लागतो, म्हणजे अख्ख्या फाईलचा अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ हे गणित सगळे बाइट ओळीने चाळतं आणि ६४ आकडे-अक्षरांची एक ओळ देतं. चार जीबीमधला एक बिट बदला, त्या ओळीतले जवळपास निम्मे बिट बदलतात. रोनाल्ड रिव्हेस्ट यांचं १९९१ चं एमडी५ अजूनही वापरात आहे. एकाच ठशाच्या दोन वेगळ्या फाईली बनवता येतात हे वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं. लग्नाच्या व्हिडिओत मुद्दाम कोण खोट घालणार? अपघाती बिघाड पकडायला एमडी५ पुरतं. पण विंडोजमधली सर्टयुटिल ही कमांड एसएचए-२५६ सुद्धा फुकट काढून देते, मग जुनंच का वापरायचं?

एक गोष्ट मात्र विसरली जाते. ठसा सांगतो तो फक्त सारखेपणा, फाईल चांगली आहे की वाईट हे त्याला कळत नाही. कॅप्चर करतानाच सप्तपदीवर चित्र फाटलं असेल, तर त्या फाटक्या फाईलचाही ठसा शेवटपर्यंत बिनचूक जुळत राहील. म्हणून इमेज जिथे तयार झाली त्याच मशीनवर ती माउंट करायची, व्हिडिओ_टीएस फोल्डर उघडून सुरुवात, मध्य, शेवट चालवून बघायचं, आणि नंतरच ठसा काढून कागदावर उतरवायचा. पेन ड्राइव्हवर पोचलेल्या फाईलवरून काढलेला पहिला ठसा कुचकामी.

एवढी उठाठेव मारण्याआधीच का, तर डीव्हीडी आरच्या थरात सेंद्रिय रंग असतो. लेझरने तो एकदा भाजला की पूर्ववत होत नाही. डिस्कवर चुका दुरुस्त करणारे रीड-सोलोमन कोड असतात, पण त्यांचा उपयोग ओरखडे आणि धुळीपुरता. चुकीची इमेज ते तितक्याच इमानाने जपतात.

मारून झाल्यावर डिस्क पुन्हा वाचून ठसा जुळवताना अनेकांची एक चांगली डिस्क कचऱ्यात जाते. डीव्हीडी १६-१६ सेक्टरांच्या गठ्ठ्यांनी लिहिली जाते. शेवटचा गठ्ठा अपुरा असला तर राईटर तो शून्यांनी भरून काढतो, आणि पूर्ण डिस्कचा ठसा इमेजपेक्षा वेगळा येतो. डिस्कवरून इमेजमध्ये जितके सेक्टर आहेत तितकेच वाचून ठसा काढला, तर तो जुळतो.