मेंदूतले राखणदार बिथरतात तेव्हा

समजा, नाणे मावळातलं एक घर आहे. आषाढात सगळे भातलावणीला गेलेत. अल्झायमर झालेली आजी परवापर्यंत सुनेला नावानं हाक मारायची, भाकरीसुद्धा थापायची. आज मात्र ती गुंगीत पडून आहे, मधेच असंबद्ध बोलते. ‘आजार वाढला’ म्हणून घरचे हताश होतात. पण इतका अचानक बदल झाला, की आधी जंतुसंसर्ग शोधावा, विशेषतः लघवीतला किंवा छातीतला. म्हातारपणी ताप न येताही तो असू शकतो.

मूत्राशयातले जंतू सहसा मेंदूत जात नाहीत. जाते ती त्यांची खबर. प्रतिकारशक्तीच्या पेशी रक्तात सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती व व्हेगस मज्जातंतू यांच्यामार्फत तो इशारा मेंदूतल्या मायक्रोग्लियांपर्यंत पोचतो.

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी. बारीक फांद्या पसरून त्या सतत चाचपणी करतात, मेलेल्या पेशी गिळतात. अल्झायमरमध्ये चेतापेशींच्या मधे अमायलॉइड प्रथिनाचे थर साचतात. मायक्रोग्लिया त्यांना वेढा घालतात, आणि सुरुवातीला हे हिताचंच असतं. पण थर हटत नाहीत. वर्षानुवर्षं चिडलेल्या या पेशी दाहक द्रव्यं सोडत राहतात आणि चेतापेशींमधले धडधाकट जोडही गिळू लागतात. आठवणी त्या जोडांवरच टिकून असतात. अशा बिथरलेल्या पेशींना संसर्गाचा इशारा मिळाला, की त्या प्रमाणाबाहेर खवळतात.

दाह हा आजाराचा नुसता परिणाम नाही, याचा भक्कम पुरावा जनुकांतून आला. मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियांमध्येच काम करणाऱ्या ट्रेम-2 जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका बराच वाढवतो, हे 2013 साली प्रसिद्ध झालं.

मग दाह कमी करणारी गोळी का देऊ नये? नॅप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाह कमी करणाऱ्या वेदनाशामकांची मोठी चाचणी झाली. त्यांनी आजार टळला नाही. माझ्या मते यात नवल नाही, कारण सफाई करणाऱ्या पेशीही मायक्रोग्लियाच. अमेरिकेत 2023 साली मान्यता मिळालेलं लेकानेमॅब हे औषध तर अमायलॉइडवर खूण करून या पेशींकडूनच ते साफ करवतं. त्यानं ऱ्हास थोडा मंदावतो, थांबत नाही. शिवाय मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून वारंवार एमआरआय करावा लागतो.

त्या घरानं मनानं वेदनाशामक न देता आजीला त्याच दिवशी कामशेत-तळेगावला डॉक्टरांकडे न्यावं. परवा ती काय-काय करत होती, बदल कधीपासून दिसला, पाणी किती प्यायली, पोट साफ आहे का, कोणतं औषध नवीन सुरू झालं, हे नीट सांगावं. उपचारानंतर गोंधळ निवळायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात.