दशांश गुणाकार आणि हेक्टरभर जमीन
०.३ × ०.४ = ०.१२. गुणाकार करूनही उत्तर दोन्ही संख्यांपेक्षा लहान कसे, हे ‘दशांशस्थळे मोजा’ या नियमातून मुलाला कळत नाही. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थसारख्या शेतीच्या गावात त्याचे स्पष्टीकरण घरोघरी आहे, कारण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच लिहिलेले असते. १०० मीटर बाजूचा चौरस म्हणजे एक हेक्टर. त्याच्या दोन्ही बाजूंचे दहा-दहा भाग केले की शंभर घरे पडतात. प्रत्येक घर एक आर, म्हणजे ०.०१ हेक्टर. आता एका बाजूचे तीन आणि दुसरीचे चार भाग घेऊन, म्हणजे ३० मीटर बाय ४० मीटरचा, तुकडा रंगवा. बारा घरे, बारा आर, ०.१२ हेक्टर! पूर्ण हेक्टरातला तुकडा लहान असणारच.

चित्रात वेळ जातो, परीक्षेत नियमच उपयोगी पडतो, हा आक्षेप खरा पण अपुरा आहे. ०.५ × ०.४ चे उत्तर ०.२ पाहून नियम घोकलेले मूल अडखळते, कारण दशांशस्थळ एकच दिसते. चित्रात मात्र वीस घरे, म्हणजे दोन पूर्ण ओळींइतकी घरे भरतात. मोठ्या संख्यांना घरे मोजत बसू नये, हे मान्य. २.३ × १.७ साठी आयताचे चार तुकडे पाडावेत: २, १.४, ०.३ आणि ०.२१, बेरीज ३.९१. उभ्या मांडणीतला गुणाकारही नेमके हेच करतो.