पाणी शिरलं कुठून

उस्ताद डिपस्टिक ओढून काढतात, पण फडक्यानं पुसत नाहीत. शर्टाच्या खिशातून हार्डवेअरच्या दुकानाची एक पावती काढतात आणि तिच्या कोऱ्या बाजूवर डिपस्टिकचं टोक टेकवतात. दोन थेंब पडतात. आम्ही तिघं त्या कागदावर वाकतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लाल असतं, डाळिंबाच्या दाण्यासारखं आरपार दिसणारं. तसा रंग त्यात मुद्दाम घातलेला असतो, गळतंय ते इंजिनाचं की गिअरबॉक्सचं हे ओळखू यावं म्हणून. कागदावर आहे ते गुलाबी आहे, दुधाळ. दुधात गुलाबाचं सरबत कालवावं तसं.

"पाणी," उस्ताद म्हणतात. कागद घडी न करता खिडकीच्या कठड्यावर ठेवतात आणि त्यावर एक नट ठेवून देतात, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

हिंगोलीत अकोला बायपासच्या बाजूला हे गॅरेज आहे. तीन पत्रे, एक खड्डा, एक कॉम्प्रेसर. रात्री पाऊस झालाय आणि अंगणातली काळी माती चपलेला धरून वर येते. खड्ड्यावर दाजींची फोर बाय फोर उभी आहे, २०१० च्या सुमाराची, डिझेल, ऑटोमॅटिक. दाजींचा डावा गुडघा गेल्यापासून क्लच दाबवत नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी पुण्याहून ही गाडी जुनी घेतली. सेनगाव तालुक्यात त्यांची हळद आहे आणि शेवटची दीड कोस वाट पावसाळ्यात नुसता गारा. तिथं साधी गाडी पोटावर बसते. ही गाडी म्हणजे दाजींचा डावा पाय आहे, असं ताई म्हणते ते खरं आहे.

आता तीच गाडी उचलत नाही. गिअर डीमध्ये टाकला की तीन-चार सेकंद काहीच होत नाही, मग एक हिसका बसतो आणि ॲक्सिलरेटर दिला तर इंजिन नुसतं घोंघावतं. रिव्हर्सला मात्र निमूट जाते. एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपनं फोनवरच सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स बदला, साडेतीन लाख. दाजी तो आकडा कुणालाही सांगताना आवाज खाली आणतात.

मी स्टॉल टेस्टचं विचारतो. ब्रेक पूर्ण दाबून, गिअर डीमध्ये ठेवून, चार-पाच सेकंद पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा आणि इंजिनाचे फेरे किती चढतात ते बघायचं. हद्दीच्या वर गेले तर आतले क्लच घसरतायत.

"घसरतायत ते दिसतंयच की," उस्ताद म्हणतात. "पाणी शिरल्यालीला आता अजून ताण कशाला द्यायचा? भाऊ, मला तुम्ही दुसरंच सांगा. पाण्यात घातली व्हती का?"

"व्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी. आमच्या ओढ्याला."

"किती पाणी?"

दाजी उठून टायरपाशी जातात आणि हात टायरच्या वर, मडगार्डला लावतात.

"हिंगोलीवरून थेट आले व्हते? गाडी गरम व्हती?"

"थेट. बैलांचा साज घेऊन."

"अन् पाण्यात थांबली?"

दाजी जरा आठवतात. "थांबली. म्हशी आडव्या आल्या व्हत्या. दोन-तीन मिनटं."

उस्ताद मान हलवतात, पण अजून पाना हातात घेत नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं. बिघाड कशानं झाला हे न शोधता नवा गिअरबॉक्स बसवला तर पुढच्या ओढ्यात तोही असाच गुलाबी होणार, आणि साडेतीन लाख परत पाण्यात. पाणी आहे हे एका थेंबानं कळलं. शिरलं कुठून, हा खरा प्रश्न आहे.

मुख्य वाटा दोन. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला रेडिएटरच्या पोटातल्या एका नळीतून फिरून येतं. ती नळी आतल्या आत फुटली की कूलंट तेलात जातं आणि तेल कूलंटमध्ये. म्हणून आधी रेडिएटर. झाकण निघतं. आत हिरवं, स्वच्छ, वर तेलाचा तवंग नाही. तरी उस्तादांचं समाधान होत नाही. ते तेलाच्या दोन्ही नळ्या सोडवतात, एका तोंडात बोल्ट ठोकून बसवतात आणि दुसऱ्या तोंडातून हाताखालच्या बारक्याला हळूहळू हवा सोडायला सांगतात. स्वतः रेडिएटरच्या तोंडात टॉर्च मारून बघत राहतात. आम्हीही बघतो. एक मिनिट, दोन मिनिटं. बुडबुडा नाही.

"रेडिएटर सुटला," ते म्हणतात आणि खड्ड्यात उतरतात.

गिअरबॉक्सच्या माथ्यावर एक बारीक नळी असते, ब्रीदर. डबा तापला की आतली हवा फुगते, ती बाहेर पडायला ही वाट. रबरी पाइपानं ती बॉनेटखाली उंच नेलेली असते. तापलेला डबा एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि त्याच वाटेनं बाहेरचं जे असेल ते आत ओढते. पाइपाचं तोंड उंचावर असेल तर हवा जाते, पाण्याखाली असेल तर पाणी. खड्ड्यातून हात वर येतो. मुठीत बोटभर रबराचा तुकडा आहे, टोकाला कातरल्यासारखा. उस्ताद तो माझ्या तळहातावर ठेवतात. कडेला बारीक दातांचे ठसे स्पष्ट दिसतात.

"उंदीर," दाजी म्हणतात. गाडी आखाड्यावर, हळदीच्या पोत्यांच्या शेजारी उभी असते.

आता पाने निघतात. गिअरबॉक्सच्या तळाचा चेंबर खाली येतो, तेल घमेल्यात पडतं आणि त्या गुलाबी दुधाला एक करपलेला वास आहे. चेंबरच्या तळाशी लोहचुंबकाच्या चकत्या असतात. उस्ताद एक चकती उचलून अंगठ्यानं घासतात. राखाडी चिखल, पिठासारखा. "हे चालतं. टोकदार तुकडे आले असते तर प्लॅनेटरी गेली म्हणायची." प्लॅनेटरी म्हणजे मधे एक गिअर आणि भोवती फिरणारे छोटे गिअर, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे. या घरातलं महागडं माणूस तेच. ते शाबूत दिसतंय म्हटल्यावर दाजी पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकतात.

दुपारपर्यंत गिअरबॉक्स टेबलावर आहे. व्हॉल्व्ह बॉडी उघडल्यावर मी बघतच राहतो. ॲल्युमिनियमच्या पाटीत कोरलेले वळणावळणाचे पाट आणि त्यांतून दाबाखाली फिरणारं तेलच एकेक क्लच धरतं आणि सोडतं. पाटांत बारीक पोलादी गोळ्या आहेत. एक जरी चुकीच्या घरात गेली तर गाडी भलत्याच वेळी गिअर बदलेल. बारक्या प्रत्येक गोळीचा मोबाइलवर फोटो घेतो, मग ती अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमानं ठेवतो. चौदा-पंधरा वर्षांचा दिसतो, पण या कामात त्याचा हात घाईवर येत नाही. मी मदत म्हणून कापडी चिंधी उचलतो तर उस्ताद हात धरतात. चिंधीचा एक धागा या पाटात अडकला तरी सगळं वाया. इथं डिझेलनं धुवायचं आणि हवेनं वाळवायचं.

मग पुढच्या क्लचचा डबा. एकाआड एक चकत्या, एक नुसती पोलादी, एक कागदासारख्या अस्तराची. हे अस्तर चिकटवलेलं असतं. पाणी मुरलं की ते फुगतं आणि चिकटवण सुटते. उस्ताद एक चकती उचलतात तर अस्तर भिजलेल्या वहीच्या पुठ्ठ्यासारखं सुटून खाली लोंबतं. पोलादी चकत्यांवर गंजाचे तांबूस ठिपके आहेत. रिव्हर्सच्या चकत्या काळवंडल्यात, पण धरून आहेत. मागे जाते आणि पुढे का जात नाही, याचं उत्तर टेबलावर मांडलेलं आहे.

टॉर्क कन्व्हर्टर इथं उघडत नाही. तो वेल्डिंगनं बंद केलेला गोल डबा. आत इंजिनाच्या बाजूचं चाक तेल फेकतं आणि त्या माऱ्यानं गिअरबॉक्सच्या बाजूचं चाक फिरतं. हेरमान फोटिंगर या जर्मन अभियंत्यानं ही युक्ती १९०५ साली जहाजांसाठी काढली. पाणी यातही असणार, आणि तो लेथवर कापून, धुऊन, परत वेल्ड करून तोलायला लागतो. उस्ताद तो गोणपाटात बांधतात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं हैदराबादला जाईल, आणि येताना चकत्या, सील आणि फिल्टरचा किट सोबत येईल.

बारा दिवसांनी आम्ही परत त्याच पत्र्याखाली आहोत. नव्या चकत्या सकाळपासून लाल तेलात बुडवून ठेवल्यात. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेऱ्यात जळतील. उस्ताद एकेक रचतात, वरच्या फटीत फीलर गेज सरकवतात, काढतात, वेगळ्या जाडीची पोलादी चकती घालतात, पुन्हा मोजतात. हे चार वेळा होतं. कुणी बोलत नाही.

कन्व्हर्टर बसवताना ते डोळे मिटतात. दोन्ही हातांनी तो फिरवत आत ढकलतात. टक्. पुन्हा फिरवतात. टक्. मग बराच वेळ काहीच नाही. कपाळावरचा घाम नाकावरून ओघळतो. आतल्या तीन खाचा एकामागे एक जुळाव्या लागतात. तिसरी न जुळता बोल्ट आवळले तर गाडी सुरू व्हायच्या आधीच आतला पंप फुटतो. टक्. उस्ताद डोळे उघडतात आणि बारक्याकडे बघतात. "ऐकलं का?" बारक्या मान हलवतो.

ब्रीदरला नवा पाइप लागतो, आता बॉनेटखाली अगदी वरपर्यंत नेलेला, तोंडाला बारीक तारेची जाळी. मागच्या डिफरन्शियलचं तेलही दुधाळ निघालं होतं, तेही बदललंय. गाडी सुरू होते. पी, आर, एन, डी. डीवर हात येतो आणि गाडी लगेच, अंग सावरून बसावं तशी, किंचित पुढे दबते. दाजी ब्रेकवरचा पाय काढतात. अंगणातल्या चिखलातून ती ॲक्सिलरेटरशिवाय हळूच चालू लागते.

औंढ्याच्या रस्त्याला पंधरा-वीस किलोमीटर जाऊन येतो. डोंगराच्या बाजूच्या चढाला ती एक गिअर खाली येते, ना हिसका, ना थरथर. परतल्यावर उस्ताद डिपस्टिक काढतात, खिडकीतल्या त्या जुन्या पावतीवरच, वाळलेल्या गुलाबी डागाशेजारी, नवा थेंब टेकवतात. लाल. आरपार.

संध्याकाळी आम्ही शेताकडे निघतो. ओढ्याला आजही पाणी आहे, गुडघ्याच्या वर. दाजी अलीकडच्या काठाला गाडी थांबवतात, इंजिन बंद करतात आणि उतरून बांधावरच्या दगडावर बसतात, डावा पाय सरळ करून.

"बस जरा," मला म्हणतात. "गार होऊ दे तिला."