स्वमग्न मुलाचे बोलणे आणि पोपटपंचीचा आरोप

स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेल्या, मुलांच्या बोलण्याविषयी आपल्या समाजात जे ग्रह रूढ आहेत, त्यांतील सर्वांत चिवट, आणि माझ्या मते सर्वांत अपायकारक, ग्रह असा की हे मूल ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणते तेव्हा त्या उच्चारामागे कोणताही हेतू नसतो. ती केवळ पोपटपंची असते, आणि ती सवय वेळीच मोडून काढली नाही तर खरी भाषा त्या मुलाला कधीच यायची नाही. माझा मुलगा बोलू लागला तेव्हा हे मी प्रथम ऐकले. आता तो सहा वर्षांचा आहे, आणि शेजारीपाजारी, आप्तेष्ट, शाळेतील सुशिक्षित मंडळी, क्वचित वैद्यकीय व्यवसायातील माणसेसुद्धा तेच मत तितक्याच निःशंकपणे मला ऐकवीत असतात. त्याने एखादे वाक्य परत उच्चारले की ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प करावे, असा सल्ला एका शिक्षिकेने मला दिला. हा सल्ला चुकीचा आहे; आणि घरोघरी त्याची अंमलबजावणी चालू असल्यामुळे तो का चुकीचा आहे हे सविस्तर सांगणे मला कर्तव्य वाटते.

प्रथम घरातलाच दाखला देते. आमच्या सासूबाई दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला, ऋतू कोणताही असो, ‘छत्री घेतलीस का?’ असे विचारतात. मुलाला बाहेर जावेसे वाटले म्हणजे तो दाराशी येऊन नेमके हेच वाक्य, आजीच्याच स्वरात, उच्चारतो. चैत्रातल्या रणरणत्या दुपारी ते ऐकणाऱ्या पाहुण्याला ते असंबद्ध वाटावे यात नवल नाही. परंतु ते दार, ती आजी आणि ते बाहेर पडणे ज्याने एकत्र पाहिले आहे, त्याच्या दृष्टीने ती बाहेर नेण्याची रीतसर विनंती आहे. तसेच दवाखान्यात, मंगल कार्यालयात किंवा कोणत्याही अनोळखी जागी तो ‘पुढील स्टेशन, दादर’ असे पुनःपुन्हा म्हणू लागतो. लोकलमधील ती घोषणा पुढे काय येणार हे आगाऊ सांगते. पुढे काय घडणार याचा जिथे अंदाज येत नाही तिथे तो त्या घोषणेचा आधार घेतो, आणि ‘आता डॉक्टर कान बघतील, मग आपण घरी जाऊ’ असा क्रम त्याला समजावून सांगितला की बहुधा ती घोषणा थांबते.

हा आईच्या मायेने काढलेला अर्थ आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून शास्त्राची साक्ष काढते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमानसचिकित्सक लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांचा जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यातूनच ऑटिझमची आधुनिक ओळख जगाला झाली. त्या 11 पैकी आठ मुले बोलत होती. मात्र त्यांची भाषा वर्षानुवर्षे इतरांपर्यंत अर्थ पोहोचविण्याच्या कामी आली नाही, असे कॅनर यांनी त्या वेळी नोंदविले होते. परंतु निरीक्षण सोडून न देता त्यांनी 1946 साली याच प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि असंबद्ध भासणाऱ्या वाक्यांची पाळेमुळे मुलाच्या पूर्वानुभवात कशी सापडतात हे दाखवून दिले. त्यातील पॉल नावाचा मुलगा, आसपास कुत्रा नसताना आणि सज्जाही नसताना, सज्जातून कुत्रा फेकू नकोस अशा आशयाचे वाक्य म्हणत असे. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये असताना तो खेळण्यातला कुत्रा सज्जातून खाली टाकी, आणि तो परत आणून थकलेल्या आईने त्याला याच शब्दांत दटावले होते. पुढे कोणतीही वस्तू फेकण्याचा मोह झाला की पॉल तेच शब्द उच्चारून स्वतःला आवरीत असे. हे पोपटाचे वर्तन आहे असे कोणत्या न्यायाने म्हणावे?

कॅनर यांच्या यादीतील पहिला मुलगा डोनल्ड याची हकीकत याहूनही उद्बोधक आहे. ‘हो’ म्हणालास तर खांद्यावर घेईन, असे सांगून वडिलांनी त्याला होकार शिकविला; तेव्हापासून कित्येक महिने ‘हो’ या शब्दाचा अर्थ त्याच्या लेखी ‘मला खांद्यावर घ्या’ एवढाच राहिला. हाच डोनल्ड ट्रिप्लेट पुढे महाविद्यालयात शिकला, मिसिसिपीतील आपल्या गावच्या बँकेत त्याने नोकरी केली, एकट्याने देशोदेशी प्रवास केला आणि 2023 साली वयाच्या 89 व्या वर्षी त्याचे निधन झाले.

या उच्चारांची पद्धतशीर छाननी बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डूकन या संशोधकांनी 1981 साली केली. चार मुलांनी ऐकताक्षणीच केलेल्या हजाराहून अधिक पुनरुच्चारांचे चित्रमुद्रण करून, त्या क्षणी मूल कोणाकडे पाहत होते, हात कुठे होता, आधी व नंतर काय घडले, हे त्यांनी तपासले. तज्ज्ञ ज्याला एकोलालिया म्हणतात त्या या पुनरुच्चाराची सात कार्ये त्यांना आढळली: संभाषणातील आपली पाळी सांभाळणे, होकार देणे, मागणी करणे, उत्तरापूर्वी मनाशी उजळणी करणे, स्वतःचे वर्तन आवरणे इत्यादी. ज्यांत हेतू दिसत नाही असेही उच्चार त्यांना आढळले, आणि त्यांचा त्यांनी वेगळा वर्ग केला. प्रत्येक पुनरुच्चार सहेतुक असतो असा दावा कोणीही केलेला नाही. 1984 साली प्रिझंट आणि पॅट्रिक रायडेल यांनी पूर्वी केव्हातरी ऐकलेल्या वाक्यांच्या पुनरुच्चाराचा तसाच अभ्यास केला, तेव्हा ही कार्ये 14 भरली. आणि सर्वच मुले बोलायला शिकताना सुमारे अडीच वर्षांपर्यंत मोठ्यांचे शब्द परत म्हणतात, हे तर ज्याच्या घरात तान्हे वाढले आहे अशा कोणालाही ठाऊक आहे. स्वमग्न मुलात हा टप्पा अधिक काळ टिकतो आणि अधिक ठळक असतो, इतकाच भेद.

मराठी घरात याला आणखी एक रूप येते. माझा मुलगा ‘मी आले हं’, ‘मी येते’ असे म्हणतो, कारण ही वाक्ये त्याने माझ्याकडून अखंड उचलली आहेत, क्रियापदाच्या लिंगासकट. भूक लागली की तो ‘पोळी वाढू?’ असे विचारतो, कारण पोळी येण्यापूर्वी तो प्रश्न येतो. मी आणि तू यांची अशी अदलाबदल कॅनर यांनीही नोंदविली होती, आणि मुलाला स्वतःचे भान नसल्याचे ते लक्षण आहे असा निष्कर्ष काहींनी त्यावरून काढला. तितके दूर जाण्याची गरज नाही. वाक्य अखंड उचलले की त्यातली सर्वनामेही बोलणाऱ्याचीच राहतात.

मग करावे काय? वाक्याच्या अर्थाला उत्तर द्यावे, आणि तोच अर्थ मुलाच्या तोंडी शोभेल अशा छोट्या वाक्यात आपण म्हणून दाखवावा: ‘मला बाहेर जायचंय’, ‘मला पोळी हवी’. त्याने ते लगेच म्हणावे असा आग्रह धरू नये, आणि प्रश्नांचा भडिमार कमी करावा, कारण प्रश्न केला की बहुतेक वेळा प्रश्नच परत येतो. आईबापांनी मुलाच्या कलाने प्रतिसाद देण्याचे महत्त्व सांगणारा पुरावा आपल्या शेजारीच, गोव्यात, मिळालेला आहे. गोवा आणि रावळपिंडी येथील 65 मुलांवर झालेल्या ‘पास’ या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित, आरोग्यसेवकांनी पालकांना मार्गदर्शन केले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पालक मुलाच्या लक्षाशी अधिक जुळवून घेऊ लागले आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. मात्र अखंड वाक्यांकडून सुट्या शब्दांकडे नेण्याची हमी देऊन सध्या ज्या विशिष्ट उपचारपद्धतीचा गवगवा होत आहे, तिच्या परिणामकारकतेचा पुरावा अद्याप तोकडा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

इतर गैरसमजांचा परामर्श थोडक्यात घेते. चित्रांचे तक्ते किंवा बोलणारे ॲप दिल्याने मूल आळशी होऊन बोलायचे थांबते, ही भीती निराधार आहे: 2008 साली श्लोसर आणि वेंट यांनी स्वमग्न मुलांवरील अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात एकाही अभ्यासात वाचा घटल्याचे आढळले नाही; आयआयटी मुंबईने तयार केलेले ‘जेलो’ हे ॲप तर मराठीतही उपलब्ध आहे. घरात मराठी बोलल्याने मूल गोंधळते, म्हणून केवळ इंग्रजीच बोलावे, हा उपदेश मला विशेष संतापजनक वाटतो. द्विभाषिक घरातील स्वमग्न मुले त्या कारणाने अधिक मागे पडतात असे संशोधनात दिसलेले नाही, आणि ज्या भाषेत आजी बोलते ती हिरावून घेतल्याने मुलाचे बोलायचे माणूसच कमी होते. पाचव्या वर्षापर्यंत वाक्य आले नाही तर सगळे संपले, हेही असत्य: चौथ्या वर्षी भाषा अतिशय मागे असलेल्या 535 मुलांच्या 2013 सालच्या अभ्यासात, आठ किंवा त्याहून अधिक वर्षांची होईपर्यंत 70 टक्के मुले निदान छोटी वाक्ये बोलत होती आणि 47 टक्के अस्खलित बोलत होती. लसीमुळे ऑटिझम होतो असे सुचविणारा 1998 सालचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 साली मागे घेतला, आणि डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या 2019 सालच्या अभ्यासात गोवराच्या लसीचा असा संबंध आढळला नाही. जिभेखालचा पडदा कापल्याने किंवा वेखंड उगाळून चाटविल्याने स्वमग्न मुलाची भाषा येत नाही. आईने जवळ घेतले नाही म्हणून असे झाले, हा आरोप शास्त्राने कित्येक दशकांपूर्वी फेटाळला आहे. आणि ‘मुलगे उशिराच बोलतात, थांबा’ हा दिलासा ऐकून थांबू नका: सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःची दोन शब्दांची जोडणी नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर प्रथम श्रवणाची तपासणी करून घ्या आणि विकासविषयक तज्ज्ञांकडे जा.

आप्तेष्टांना आणि शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे की अशा मुलापुढे ‘माझं नाव काय, सांग बघू’ असे फर्मान काढू नये, आणि त्याने उच्चारलेल्या वाक्याचा अर्थ लागला नाही तर ते वाक्य त्याने प्रथम कुठे ऐकले, हे त्याच्या घरच्यांना विचारावे.