प्रोकोफिएव्ह यांचा चेलो, दुसऱ्यांच्या हातचा शेवट

५ मार्च १९५३. मॉस्कोत सर्गेई प्रोकोफिएव्ह गेले आणि त्याच दिवशी स्टालिनही! साऱ्या शहराचं लक्ष एकाच मृत्यूकडे. दुकानांतली फुलंही तिकडेच गेली. एवढा मोठा संगीतकार, पण त्याची बातमी कितीतरी उशिरा लोकांपर्यंत पोचली.

मागे राहिली चेलोसाठी लिहिलेली दोन अपुरी कामं. यातलं पहिलं होतं 'चेलो कॉन्सर्टिनो', ओपस १३२, म्हणजे चेलो आणि वाद्यवृंदासाठीची छोटी रचना. मधला संथ भाग रचून झालेला, शेवटचा मात्र कच्च्या टिपणांतच अडकलेला. ते पुरं करायला पुढे आला पंचविशीतला चेलोवादक म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच. प्रोकोफिएव्ह यांच्या शेवटच्या वर्षांत तो त्यांच्या अगदी जवळ होता, त्यामुळे त्यांना चेलोकडून काय हवं असायचं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वाद्यवृंदाची बाजू संगीतकार दिमित्री काबालेव्हस्की यांनी लिहिली. पुढे संगीतकार व्लादिमीर ब्लॉक यांनी त्याच रचनेसाठी वेगळा वाद्यवृंद बांधला. म्हणजे मूळ संगीत एकच, पेहराव दोन!

खरं तर प्रोकोफिएव्ह आणि रोस्त्रोपोविच यांची भागीदारी जुनीच. १९३८ साली मॉस्कोत पडलेला आपला चेलो कॉन्चर्टो प्रोकोफिएव्ह यांनी रोस्त्रोपोविचच्या मदतीने नव्याने घडवला. १८ फेब्रुवारी १९५२ ला तो वाजला तेव्हा कंडक्टर कोण होते? पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर! बोट मोडल्यामुळे पियानो बंद होता, म्हणून त्यांनी छडी हाती घेतली. उभ्या आयुष्यात त्यांनी वाद्यवृंद चालवला तो एवढाच. हीच रचना आणखी घडत जाऊन 'सिम्फनी-कॉन्चर्टो' झाली, आणि तिच्या शेवटच्या भागातली एक धून कॉन्सर्टिनोतही पुन्हा भेटते.

दुसरं अपुरं काम म्हणजे एकट्या चेलोचा सोनाटा. बेत अनेक भागांचा होता, हाती फक्त पहिल्या भागाचा आराखडा. ब्लॉक यांनी तेवढाच भाग पुरा केला आणि बाकीचे स्वतः रचायच्या फंदात पडले नाहीत. मला हा संयम फार मोलाचा वाटतो.

कॉन्सर्टिनो ऐकायला घ्याल तेव्हा मधल्या भागापासून सुरुवात करा. तिथे प्रोकोफिएव्ह स्वतः सगळ्यांत जास्त आहेत. मग शेवटच्या भागाकडे जा आणि रोस्त्रोपोविचचा हात कुठे लागला ते शोधा.