पॉवर्सकोर्ट टाउनहाउस : एका वास्तूचे अर्थांतर

‘टाउनहाउस’ हा इंग्रजी शब्द आज रांगेतील साध्या घरालाही लावला जातो. अठराव्या शतकात मात्र त्याचा अर्थ बराच नेमका होता. ग्रामीण भागात जहागीर असलेल्या उमरावाने पार्लमेंटच्या अधिवेशनापुरते आणि मेजवान्यांच्या हंगामापुरते राहण्यासाठी राजधानीत बांधलेले घर, ते टाउनहाउस. अर्थात राजधानीचे महत्त्व सरले की अशा घराचे प्रयोजनही सरे. डब्लिनच्या साउथ विल्यम स्ट्रीटवरील पॉवर्सकोर्ट टाउनहाउस हे याचे बोलके उदाहरण होय.

तिसरे व्हायकाउंट पॉवर्सकोर्ट, रिचर्ड विंगफील्ड, यांच्यासाठी रॉबर्ट मॅक याने ही वास्तू १७७१ ते १७७४ या काळात उभारली. तिचा दगड विक्लो परगण्यातील त्यांच्याच जहागिरीतला. १८०० च्या एकीकरणाच्या कायद्याने आयर्लंडची पार्लमेंट संपुष्टात आली आणि १८०७ मध्ये घर सरकारी मुद्रांक खात्याच्या हाती गेले. खात्याने फ्रान्सिस जॉन्स्टन याच्या आराखड्यानुसार मागील अंगणाभोवती कचेऱ्या बांधल्या. त्यानंतर फेरियर पोलक या कापडाच्या पेढीने तेथे शतकाहून अधिक काळ व्यापार केला. अखेर १९८१ मध्ये तेथे दुकानांचे संकुल उघडले.

शब्दाचे अर्थांतर सहसा एका उडीत होत नाही. मधल्या वापरांच्या पायऱ्या लागतात. येथेही तसेच घडले. ‘घराचे दुकान झाले’ असे म्हणताना कचेरी आणि पेढी या मधल्या पायऱ्या गाळल्या जातात, आणि वास्तू टिकली कशी याचा उलगडा नेमका तेथेच होतो. करवसुलीच्या रुक्ष गरजेतून अंगणाला चौफेर इमारती लाभल्या होत्या. त्यावर काचेचे छप्पर चढवताच बाजाराला ऐसपैस जागा मिळाली आणि गर्दीचा मोठा भार मूळ घराबाहेर राहिला. म्हणूनच कोरीव महोगनीचा जिना, जेम्स मॅककुलाची जिन्यालगतची गिलाव्यातील नक्षी आणि मायकेल स्टेपल्टनने सजविलेली दिवाणखान्यांची छते आजही पाहावयास मिळतात.

इंग्लंडमधील बाथ शहरात, मिल्सम स्ट्रीटवर, अशी सोय नव्हती. १७६० नंतरच्या तेथील अनेक घरांचा तळमजला रुंद काचदर्शनासाठी फोडण्यात आला. जॉर्जियन दर्शनी भागात तळमजला हा साऱ्या रचनेचा पाया दिसावा अशी योजना असते, आणि दुकानदारास हवा असतो तोच. परिणामी वरचे प्रमाणबद्ध मजले काचेवर टेकल्यासारखे वाटतात. डब्लिनचे घर या विटंबनेतून वाचले. त्याच्या नावात ‘टाउनहाउस’ हा शब्द अद्याप आहे. राहावयास मात्र तेथे कोणी उमराव येत नाही.